आमच्या घराण्यातला ग्रीक

दोन हजार तेवीस साल. माझं वय कार्डावर त्र्याहत्तर. नातू झाला त्याच दिवशी मी पाड्यावर सांगून टाकलं, याला माझ्या बापाचं नाव लागणार.

सून वाशिंदची, कंपनीत हापिसात बसते. तिनं मोबाईलातून नाव काढलेलं, थेरॉन. "बाबा, फार जुनं नाव आहे. ग्रीस देशात हजारो वर्षांपूर्वी मुलग्यांना ठेवायचे. अर्थ शिकारी."

"आमच्यात अर्थ बघून नाव नाय ठेवत," मी बोललो. "मेलेलं माणूस आपलं नाव स्वतः मागून घेतं."

हे उगाच नाय बोललो. आमी डोळखांबच्या बाजूचे. आमच्या घरात रीत आहे, रडत्या पोराच्या कपाळाला तांदूळ लावायचे आणि एकेका पूर्वजाचं नाव घ्यायचं. ज्या नावाला पोर गप होईल तो पूर्वज परत आला. माझंही नाव असंच ठरलं. आजाचं नाव ऐकून मी हसलो होतो म्हणतात.

बारसं दोन महिन्यांनी, सुनेच्या सवडीनं झालं. तांदूळ लावायला मुरबाडला दिलेली माझी धाकटी बहीण आली. दुपारी पोर रडायला लागलं तेव्हा मला बरं वाटलं. बहिणीनं बापाचं नाव घेतलं. पोर दुप्पट रडलं.

"मोठ्यानं घे गो. आपल्या बाला ऐकायला कमी यायचं."

ती ओरडली. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. पोर लालबुंद. मग आजा, पणजा, सगळे चुलते झाले. शेवटी भोपळे चोरणारा एक चुलत चुलतासुद्धा घेतला, ज्याचं नाव आमी जेवताना काढत नाय. पोर रडतंच होतं.

सून चुलीपासनं म्हणाली, "आत्या, एकदा माझं घ्या ना."

बहिणीनं थेरॉन म्हटलं आणि पोर गप. नुसतं गप नाय, तिची नथ धरून हसलं.

"पोट दुखायचं थांबलं असंल. परत घे."

बापाचं नाव घेतलं, भोकाड. थेरॉन म्हटलं, गप. शेवटी मी स्वतः थेरॉन म्हटलं. माझ्या तोंडूनसुद्धा गप.

"झालं दादा," बहीण म्हणाली. "आपल्यात कुणीतरी थेरॉन होता."

"डोळखांबात?"

"पणजाच्या मागचं तुला काय ठाऊक?"

माझा पोरगा मधे बोलला, "ग्रीस समुद्रापल्याड आहे, आत्या."

"मग आला असंल लाकडं न्यायला. आपल्या सागाला काय कमी गिऱ्हाइकं होती?"

सून तोंड फिरवून हसत होती. "बाबा, पटत नसेल तर सोडा. तांदळावरून कुठं नाव ठरतं?"

इथं मी अडकलो. तांदूळ खोटे म्हटले असते, तर बापाचं नाव वाचलं असतं. पण मग माझं नावसुद्धा खोटं. आजा परत आलाय म्हणून मी जन्मभर या पाड्यात मान घेतला, वरच्या पाटावर जेवलो.

"तांदूळ खोटे नाय," मी बोललो. "थेरॉन होता आमच्यात. मोठा शिकारी. नुसत्या कोयत्यानं डुक्कर मारायचा."

दिवेलागणीपर्यंत सगळा पाडा विचारून गेला. थेरॉन उंच होता, मिशा लालसर होत्या, एवढं माझ्याकडनं सांगून झालं. पोरं तर नातवाला थेरॉन्या म्हणायलाही लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीवरनं एक गोल धोंडा आणला. उंबराखाली आमच्या पूर्वजांचे धोंडे आहेत, त्या रांगेत शेवटी, बापाच्या पलीकडे ठेवला. वयानं मोठा असंल, पण आमच्यात आला उशिरा. शेंदूर लावला. शिकाऱ्याला नुसती भाकर काय द्यायची, म्हणून दोन खेकडे भाजून ठेवले. मग बापाच्या धोंड्यापुढं बसलो आणि मोठ्यानं विचारलं, काल तू का नाय आलास?

 मग नव्या धोंड्याकडं बोट करून सांगितलं, "हा पाव्हणा आहे, सांभाळून घे. तुला ऐकू येत नाय, त्याला आपली भाषा येत नाय. जमंल तुमचं."