सळईवरचा टपल
सळईवर भाजणाऱ्या कबाबाचा वास आला, की कर्नाटकच्या सीमेजवळच्या मुरूम गावातला कॉम्प्युटर क्लास आठवतो. दुसऱ्या दिवशी परीक्षा, अन् प्रोग्रामिंगमधल्या लिस्ट आणि टपल या दोन प्रकारच्या याद्यांमधला फरक काही माझ्या डोक्यात शिरेना. समजावून समजावून मॅडमचे केस एका दुपारीत पांढरे झाले. शेवटी त्यांनी मला क्लासखालच्या कबाबवाल्या चाचांपुढं उभं केलं. त्यांच्या सांगण्यावरून कच्च्या कबाबाच्या सळईतला कांदा काढून मी टोमॅटो ओवला. "ही लिस्ट," मॅडम म्हणाल्या, "ओळीनं लावलेली, पण बदलता येते." मग मी निखाऱ्यावरच्या सळईलाही हात घातला आणि माझी बोंब पार कर्नाटकात ऐकू गेली. "भाजल्यावर बदलत न्हाय, बेटा," चाचा म्हणाले, "हाय तसं खा." "व्हय, हाच टपल," मॅडम हसल्या. पास झालो. आजही ऑफिसात टपल लिहिताना मी आधी बोटांवर फुंकर घालतो.