उंदराची शिट्टी

किस्से गोळा करावे लागत नाहीत. रानात घातलेल्या कोटाच्या शिवणीत कुसळं अडकतात, तसे ते अडकत जातात. घरी आल्यावर बायको कोट झटकते आणि विचारते, "अहो, हे सगळं कुठून आणलंत?" तेव्हा कळतं, बरेच साठलेत.

माझ्याकडचे किस्से एकाच ठिकाणचे आहेत. क्योतोच्या उत्तरेला, बसने दीड तासावर एक गाव आहे, तिथल्या शिकारी मंडळाचे. मी स्वतः शिकारी नाही. बंदूक नाही, परवाना नाही आणि धैर्यही नाही. आयुष्यभर क्योतोच्या विद्यापीठात ध्वनिशास्त्र शिकवलं. शेतात घुसणारी हरणं आवाजाने पळवता येतील का, हे विचारायला त्या गावाने मला एकदा बोलावलं होतं. नाही आली पळवता. हरणं माझ्या यंत्राला टेकून चरत होती! तरीही मंडळाने मला ठेवून घेतलं. का, ते मला बरीच वर्षं कळलं नाही.

तपशील चुकत असतील, ही धास्ती सारखी आहेच. 'कोल्हा' हा शब्दसुद्धा मी भीतभीतच वापरतोय. इथला तांबूस, झुपकेदार शेपटीचा प्राणी आपल्या कोल्ह्याहून वेगळा. पण एवढं चालवून घ्या.

*

मंडळात मुख्य माणसं तीन. ओनो-सान ('सान' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'ताई') हे प्रमुख, त्यांचं टोफूचं दुकान आहे. काओरी-सान पोस्टात नोकरी करते, चाळिशीची आहे, नेम सगळ्यांत पक्का. आणि मोरी-सान, माझ्याच वयाचे, म्हणजे आता सत्त्याहत्तर. कोल्ह्याला बोलावण्यात त्यांचा हात धरणारा त्या खोऱ्यात कोणी नाही.

बोलावायचं म्हणजे भक्ष्याचा आवाज काढायचा. जखमी सशाचा, नाहीतर उंदराचा. आवाज बरोबर असेल तर कोल्हा येतो. चुकला तर तो शहाणा होतो आणि पुन्हा आयुष्यात फसत नाही. मग तो हातानो आजींच्या कोंबड्यांकडे वळतो. आजी गावाच्या टोकाला एकट्या राहतात आणि अंडी विकून भागवतात.

आठ वर्षांपूर्वी ओनो-साननी मला शिट्ट्या निवडायला सांगितलं. मी सहा शिट्ट्या प्रयोगशाळेत नेल्या, प्रत्येकीचे आलेख काढले, बारा पानांचा अहवाल लिहिला आणि बैठकीत वाचून दाखवला. सगळ्यांनी अदबीने माना डोलावल्या. मग मोरी-साननी स्वतःच्या हाताच्या पाठीला ओठ लावून हवा आत ओढली. हुबेहूब उंदीर! ओनो-सानची मांजर कपाटावरून उडी मारून थेट मोरी-सानच्या मांडीवर.

"सेन्सेई," मोरी-सान मला म्हणाले. तिथे मला सगळे सेन्सेईच म्हणतात, म्हणजे गुरुजी. "हिलाही अहवाल वाचून दाखवा ना एकदा."

त्या दिवशी तो आवाज मला ऐकू आला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

*

जखमी ससा तान्ह्या बाळासारखा रडतो. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि कानांनी ऐकणं वेगळं. ओनो-सान एकदा दुकानामागच्या अंगणात सशाच्या शिट्टीचा सराव करत होते. पाचच मिनिटांत हातानो आजी कमरेत वाकून, धापा टाकत, हातात लोकरीचं पांघरूण घेऊन हजर.

"कुठंय? कोणी टाकून गेलं बाळ?"

ओनो-साननी मान खाली घालून शिट्टी दाखवली. आजींनी तिच्याकडे बघितलं, ओनो-सानकडे बघितलं आणि पांघरूण त्यांच्याच खांद्यावर घातलं.

"थंडी आहे. बाहेर बसून रडू नये!"

तेव्हापासून सराव गाडीच्या काचा वर करूनच होतो.

*

हा किस्सा सांगताना मला अजूनही घाम येतो.

एका सकाळी मोरी-सान तापाने आजारी होते, म्हणून सशाची शिट्टी माझ्याकडे आली. मी फुंकली. समोरच्या टेकडीवरून उत्तर आलं! पुन्हा फुंकली, पुन्हा उत्तर. मी वहीत लिहिलं, "प्रतिसाद उत्कृष्ट." पाऊण तास हे चाललं. आवाज झुडपांमधून जवळ येत होता. काओरी-सान बंदूक घेऊन खाली वाकली होती. एकाएकी तिने नळी जमिनीकडे केली आणि गोळ्या काढून घेतल्या.

"काय झालं?" मी कुजबुजलो.

"सेन्सेई, ससा खोकला."

झुडपातून शेजारच्या गावातल्या मंडळाचे सत्तरीचे गृहस्थ बाहेर आले. गळ्यात शिट्टी, हातात बंदूक. तेही मलाच बोलावत होते! आम्ही दोघांनी कमरेत वाकून एकमेकांना नमस्कार केला, खूप वेळ. आता निघण्यापूर्वी दोन्ही मंडळं एकमेकांना फोन करतात. वहीतलं ते पान मी फाडलेलं नाही.

*

तीन वर्षांपूर्वी मोरी-सानना कवळी बसली. हाताच्या पाठीवर ओठ धरेनात. म्हणून ते धातूची बारीक शिट्टी वापरू लागले. 'उंदराची शिट्टी' म्हणतात तिला. आवाज फार उंच आणि बारीक.

त्या हिवाळ्यात गाडीत आम्ही दोघंच असताना ते म्हणाले, "सेन्सेई, मला वरचे सूर नीट ऐकू येत नाहीत. ही शिट्टी तर मुळीच नाही. काओरी-सानला विचारलं तर ती मला वाईट वाटू नये म्हणून छानच म्हणेल. तुम्ही विद्वान. खोटं बोलणार नाही. ज्या दिवशी आवाज बिघडेल, त्या दिवशी सांगा. मी शिट्टी तिच्या हातात देईन."

मी हो म्हणालो. काय बिशाद होती नाही म्हणायची! त्यानंतर प्रत्येक वेळी ते शिट्टी ओठाला लावत, मग माझ्याकडे बघत. मी मान डोलावून म्हणत असे, "छान."

सुरुवातीला मला खरंच काहीतरी ऐकू येतंय असं वाटायचं. निदान तशी माझी समजूत होती.

*

मग माझी नात इचिकावा शहरातून सुट्टीत आली. मोरी-साननी ती शिट्टी साफ करायला माझ्याकडे दिली होती. मी ती पुसून स्वयंपाकघरात फुंकून बघितली. काहीच नाही. जास्त जोरात फुंकली. तरी नाही. बिघडवली बहुतेक, या भीतीने तिसऱ्यांदा सगळा जीव एकवटून फुंकली.

आतल्या खोलीतून नात दोन्ही कानांवर हात ठेवून धावत आली. "आजोबा, उरुसाई!" म्हणजे, केवढा हा गोंगाट!

बायको चहा गाळत होती. माझ्याकडे बघून तिने हळूच विचारलं, "अहो, तुम्हाला ऐकू नाही आलं?"

चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं होतं की वयाबरोबर आधी वरचे सूर जातात. फळ्यावर आकृती काढून. स्वतःचा कान त्या आकृतीत मी कधी ठेवून बघितलाच नव्हता.

मोरी-सानना मी सांगायला हवं होतं. पण सांगितलं, तर ते शिट्टी सोडून देणार आणि मलाही तिथे काही काम उरणार नाही. मी आणखी एक हिवाळा "छान" म्हणत राहिलो. मग आणखी एक.

*

या जानेवारीत हातानो आजींच्या दोन कोंबड्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ऊन वर येता येता आम्ही त्यांच्या शेताच्या वरच्या बाजूला बसलो. खाचरांवर दहिवर पांढरं पडलं होतं. काओरी-सान बंदूक घेऊन साठ पावलं खाली होती. आजी घराच्या दारात उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या.

मोरी-साननी शिट्टी ओठाला लावली, खाली घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"कसा आहे?"

दारातल्या आजी मला दिसत होत्या. या वेळी मी मान डोलावली नाही.

"मोरी-सान, मला ऐकू येत नाही. गेले तीन हिवाळे. मी खोटं बोललो."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि शिट्टी सावकाश पुसली.

"माहीत आहे."

"कसं?"

"कधी कधी मी नुसती ओठाला लावायचो. फुंकायचोच नाही. तरी तुम्ही म्हणायचात, छान!"

मला खाली मान घालावीशी वाटली. घातलीही. "मग विचारत का राहिलात?"

"नसतं विचारलं," ते म्हणाले, "तर तुम्ही यायचं बंद केलं असतं."

मग मी विचारलं, "आणि आत्ता? आत्ता फुंकली होतीत?"

मोरी-साननी नुसती हनुवटी पुढे केली. खालच्या बांधावर, एक पाय उचलून, कान आमच्याकडे वळवून कोल्हा उभा होता.