मार्लिसची आयोगातली जागा

राज्यपालांनी मार्लिस हाउगेनला वन्यजीव आयोगावर नेमलं, तेव्हा सगळ्या गावाला गंमत वाटली. मेंढ्या पाळणारी फटकळ बाई ती! पण आयोगात एक जागा पशुपालकांची होती, आणि ही मुकाट्यानं हात वर करील असं वरच्यांनी गृहीत धरलं होतं. सिनेटची, म्हणजे राज्याच्या वरिष्ठ सभागृहाची, मंजुरी यायची होती. तोवर मत द्यायला हरकत नव्हती.

प्यूमांच्या, म्हणजे डोंगरातल्या बिबट्याएवढ्या रानमांजरांच्या, शिकारीचा हंगाम वसंतापर्यंत वाढवायचा ठराव आला. प्यूमांनी मार्लिसच्या मेंढ्या काही कमी फाडल्या नव्हत्या. एकाला तिनं स्वतः गोळी घातली होती. तरी ती म्हणाली, "तेव्हा पिल्लं गुहेत असतात. आई मारली की ती उपाशी मरणार. ह्याला शिकार म्हणता?"

तिच्या एका मतानं ठराव पडला.

राज्यपालांच्या कचेरीतून फोन आला. "मार्लिसबाई, साहेबांनी तुमच्यासाठी एवढं केलं…"

"माझ्यासाठी? मला वाटलं, राज्यासाठी केलं!"

"पुन्हा मतदान झालं तर विचार कराल ना?"

"विचार करूनच दिलंय मत." तिनं फोन आपटला.

तिला कुणी काढलं नाही. सिनेटमध्ये तिचं नाव मतदानाला घेतलंच नाही, एवढंच. अधिवेशन संपलं आणि नेमणूक आपोआप बाद झाली. तिच्या जागी आला क्लिंट बार्बो, श्रीमंतांना शिकारीला नेणारा, राज्यपालांच्या निवडणूक प्रचाराला सढळ हातानं पैसे देणारा. दारात दोन घोडे, म्हणून हा पशुपालक!

आयोगाच्या पुढच्या सभेत अध्यक्षांनी हसत हसत तिच्यापुढे सन्मानचिन्ह धरलं. मार्लिसनं ते घेतलं नाही. "तोंडावर काढलं असतंत, तर निदान भांडले तरी असते. तेवढीही हिंमत नाही तुमच्यात!"

"मॅडम, तुमची वेळ संपली."

"संपली नाही, तुम्ही संपवलीत!"

माइक बंद झाला. ठराव पुन्हा आला. पहिला हात क्लिंटचा वर गेला.

त्या वसंतात मार्लिस गोठ्यात विताना अडलेल्या मेंढीपाशी गुडघ्यांवर बसली होती. मागच्या डोंगरावरून शिकारी कुत्र्यांचा गलका आला, मग बंदुकीचा बार. तिचा नवरा रॉइस दार लावायला उठला.

"लावू नकोस," ती दात आवळून म्हणाली. "ऐकू दे मला."