फ्लेक्सवरची डॉक्टरीण

राजारामपुरीतल्या एका मेडिकल प्रवेशाच्या क्लासच्या सरांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण सर गावभर उलटं सांगत फिरतात.

माझं शाहूपुरीत भांड्यांचं दुकान आहे. ते मला कुणी आयतं दिलेलं नाही. बी.कॉम. करताना मी गारगोटीच्या बाजारात पाल टाकून स्टीलची ताटं विकत होते. घासाघीस करण्यात आजवर मला कुणी हरवलेलं नाही. पातेलं घेताना मी टिचकी मारून आवाज ऐकते, बूड उजेडाकडे धरून बघते, आणि मग कंपनीच्या माणसाला इतकं रडवते की शेवटी तो झाकणं फुकट देऊन सुटतो.

अशा बाईला डॉक्टर व्हायचं खूळ लागलं ते रागातून. आईच्या किडन्या बिघडल्या. तिचे रिपोर्ट घेऊन मी एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, हा आकडा वाढला म्हणजे आत नेमकं काय झालं? डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"शिक्षण काय तुमचं?"

"बी.कॉम."

"मग राहू द्या. तुम्हाला नाही समजायचं."

घरी जाताना शेजारच्या मुलीचं जीवशास्त्राचं पुस्तक मागून नेलं आणि किडनीचा धडा वाचला. समजला की! इतका समजला, की चहाची गाळणी हातात धरून मी तो आईला शिकवला. आई म्हणाली, "एवढं कळतंय तर तूच का हुईत न्हाईस डॉक्टर?" तिनं चेष्टा केली होती. मी चेष्टेवारी नेलं नाही.

क्लासच्या सरांसमोर बसले तेव्हा पहिलंच वाक्य मी बोलले ते हे, की माझी बारावी कॉमर्सची आहे, सायन्स मी दहावीनंतर बघितलेलं नाही.

"चालतंय की, ताई!" सर म्हणाले. "वयाची अट पण उठली आता."

"पण बारावी सायन्स लागतंय ना?"

"ते सगळं आम्ही बघतो. तुम्ही फक्त अभ्यास करायचा."

मग फीवर आलो. सरांनी चहा मागवला, मी तो पिऊन पुढे सुरू केलं. दोनदा उठून दारापर्यंत गेले, दोनदा त्यांनी हाक मारली. शेवटी सर निम्म्यावर आले आणि घाम पुसत म्हणाले, "एकच अट. तुमचा फोटो आम्ही जाहिरातीत वापरणार." फोटोत माझं काय जातंय? मी हो म्हटलं, वर नोट्सचा एक संच जादा उकळला आणि सौदा जिंकल्याच्या तोऱ्यात बाहेर पडले. पातेल्याला टिचकी मारणारी मी; त्या "आम्ही बघतो"ला मात्र टिचकी मारायची राहून गेली. पण म्हणून फसवणाऱ्याचं पाप माझ्या पदरात कसं पडतं?

फोटोसाठी क्लासकडे एकच पांढरा कोट होता, सगळ्यांना मिळून. मला तो ढगळ झाला, म्हणून पाठीमागून कपड्याचे चिमटे लावून घट्ट केला. स्टेथोस्कोपच्या एका कानाचं बोंडूक गायब होतं. तो कान केसांत लपवला.

आठवड्याभरात चौकात फ्लेक्स लागला. एका बाजूला कुण्या दादांचा वाढदिवस, दुसऱ्या बाजूला शर्यत जिंकलेल्या बैलजोडीचं अभिनंदन आणि मधे मी, बैलांपेक्षा थोडी लहान. खाली ठळक अक्षरांत: "कॉमर्समधूनही डॉक्टर! मग तुम्ही का नाही?" मी अजून बेडकाचं हृदय किती कप्प्यांचं ते पाठ करत होते.

दुसऱ्या दिवसापासून धंद्याचा विचका. मलकापूरचं एक म्हातारं गिऱ्हाईक कुकर बघता बघता धोतर वर करून म्हणालं, "बाई, ह्यो गुडघा जरा बघा की."

"आजोबा, कुकर बघा. गुडघा माझ्याकडं न्हाय."

"फ्लेक्सवर तर दिसतासा!"

गुडघा परवडला. पण जुन्या गिऱ्हाइकांनी भावच तोडायला सुरुवात केली. नृसिंहवाडीची एक अक्का दर वर्षी माझ्याकडून घागर नेते. ती म्हणाली, "आता तू डॉक्टर हुणार. खोऱ्यानं वढणार. माझ्या घागरीत कशाला जीव अडकवतीस? दे निम्म्यात." दहा वर्षांत मला कुणी निम्म्यात उतरवलं नव्हतं. त्या दिवशी फ्लेक्सनं उतरवलं.

तरी अभ्यास मी मन लावून केला. सकाळी क्लास, दुपारी दुकान, गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यावर रसायनशास्त्र. क्लासमधली पोरं आधी मला काकू म्हणायची. प्रवेश परीक्षेच्या धर्तीवर चाचणी झाली, त्यांच्यातल्या निम्म्यांना मी मागे टाकलं, तेव्हापासून ताई म्हणू लागली. आई डायलिसिसला पडल्या पडल्या नर्सला सांगायची, "माझी लेक डॉक्टर हुतीया." मी तिला गप्प बस म्हणायचे, पण जरा हळू आवाजात.

मग एके सकाळी क्लासला गेले तर बाकं रिकामी. सर एकटेच मोबाइल बघत बसलेले.

"पोरं कुठायत?"

"बारावीची प्रॅक्टिकल सुरू झाली न्हवं? आज सुट्टी."

"मग माझं प्रॅक्टिकल कुठल्या कॉलेजात हाय?"

सरांनी मोबाइल खाली ठेवला. "तुमचं कशाला? तुमची बारावी झालीय की."

"कॉमर्सची!"

"बारावी ती बारावी, ताई."

"तुम्ही 'आम्ही बघतो' म्हणालतासा!"

"बघितलं की. तुमचं सर्टिफिकेट बघितलं. पास हाय."

माझा आवाज खालच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेला असावा, कारण तिथली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेऊन बारावी पास नसेल तर मेडिकलला प्रवेशच नाही, हे त्या जिन्यातल्या माणसांनाही माहीत होतं. माझं नाव बारावी सायन्सला कुठंही नोंदवलेलं नव्हतं. आता नोंदवायला उशीर झाला होता. वर्ष गेलं.

मी म्हटलं, "निदान तो फ्लेक्स उतरवा." त्यावर सर जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "फोटोचा सौदा झालाय, ताई. निम्मी फी तुम्ही त्याच्यावरच सोडवून घेतलीसा. धंदेवाईक माणूस तुम्ही, दिलेला शब्द फिरवतासा व्हय?"

जिन्यातल्या एकानं मान डोलावली!

मी आता स्वतः जाऊन मुक्त शाळेत बारावी सायन्सला नाव घातलंय. प्रॅक्टिकलचं केंद्र कुठलं, तिथं काय काय करायचं, सगळं चार वेळा विचारून खात्री करून घेतलंय. तिथल्या क्लार्कला माझा चेहरा पाठ झालाय. परीक्षा मी देणारच.

पण गेल्या महिन्यात आईला घेऊन त्याच मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी या वेळी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "अरे, तुमचा फ्लेक्स बघितला मी! अभिनंदन. कुठल्या कॉलेजला?" आईनं कौतुकानं माझ्याकडे बघितलं; वर्ष वाया गेल्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. कुठल्याही गिऱ्हाइकाला मी कधी उत्तराविना सोडलेलं नाही. तिथं मात्र मी आईची पिशवी उचलली आणि रिपोर्टबद्दल विचारायचं होतं तेही न विचारता बाहेर आले.

आणि सरांनी यंदा नवा फ्लेक्स लावलाय. जुनाच फोटो, अक्षरं आणखी मोठी.

मला फी परत नको. सरांनी एक दिवस त्या चौकात, माझ्या फोटोखाली, चिमटे लावलेला तो कोट स्वतः घालून उभं राहावं. मी आईला रिक्षानं तिथं घेऊन येते. डॉक्टरांनी मला विचारलेला प्रश्न ती सरांना विचारेल. सांगा, सर, तिची लेक कुठल्या कॉलेजला आहे?