एसिनामचे उडते पाढे

परीक्षा संपल्यापासून सुट्टी लागेपर्यंतचे दिवस मला अजिबात आवडत नाहीत. शिकवायचं काही उरत नाही आणि पोरं तर समोर हजर. मग आम्ही मास्तरलोक त्यांच्या हातात कोयते देतो, मैदानातलं गवत काढायला लावतो आणि स्वतः झाडाखाली पेपर तपासत बसतो. समुद्रकाठच्या अनलोगा गावातल्या आमच्या शाळेत हे असंच चालत आलंय. फक्त तिसरीला शिकवणाऱ्या एसिनामने कधी कोयते वाटले नाहीत.

त्या दिवसांत तिचा वर्ग बाहेर वाळूत भरायचा. बाटल्यांची झाकणं मांडून दुकान लावायचं, दोरीने माडांच्या सावल्या मोजायच्या, आणि सगळ्यांत लाडका खेळ म्हणजे अँपे. दोघी समोरासमोर टाळ्या वाजवत उडी मारतात आणि खाली येताना एकेक पाय पुढे टाकतात. पाय जुळले तर एकीचा डाव, नाही जुळले तर दुसरीचा. आमच्या आज्याही हेच खेळल्या. एसिनामने त्यात स्वतःची भर घातली: जी हरेल तिला पाढ्यातला प्रश्न, आणि उत्तर बरोबर आल्याशिवाय पुढची उडी नाही. उडीची घाई एवढी, की पोरी उत्तर ओठांवर घेऊनच खेळायच्या.

"अगं, तुझा वर्ग आहे की मासळीबाजार?" मी माझ्या चौथीच्या वर्गाच्या खिडकीतून ओरडायची.

"मासळीबाजारच. माझी आई तिथेच बसायची," ती म्हणायची. "तिथली एखादी बाई हिशोबात फसवून दाखव बघू."

तिची आई खरंच शेजारच्या केटा गावच्या बाजारात सुकी मासळी विकायची. एसिनाम लहानपणी एका जागी बसेल तर शपथ. अर्धं बालपण तिने वर्गाबाहेर उभं राहून काढलं. अँपेत मात्र तिला हरवणारी गावात जन्मली नव्हती. शिकून ती याच शाळेत परत आली. आता पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी तिच्या वर्गातली पोरं आजारी असली तरी शाळेत येतात. हे मी जरा हेव्यानेच सांगते, कारण माझ्या वर्गातली येत नाहीत. माझ्याकडे टाचणी पडली तरी ऐकू येते. हेडमास्तर आग्बेको त्याचंच कौतुक करायचे.

गेल्या वर्षी तिसरीत सेफाकोर होती. आईच्या कांद्याच्या वाफ्यांना पाणी घालून मगच शाळेत यायची, केसांना कायम कांद्याचा वास. पळण्यात, उड्यांत पहिली. पण बाकावर बसवून पेपर पुढे ठेवला की पाय वळवळायला लागायचे आणि डोकं बंद पडायचं. गणिताचा पेपर कोरा. हेडमास्तरांनी ठरवलं, ही पुन्हा तिसरीतच बसेल. धाकटा भाऊ दुसरीतून वर येत होता. म्हणजे बहीणभाऊ एकाच वर्गात. पोरीने जेवण टाकलं.

एसिनाम हेडमास्तरांकडे गेली. "सर, तिला सगळे पाढे येतात. अवर डेच्या दिवशी सगळ्यांसमोर विचारा."

"आणि नाही आले तर?"

"तर पुढच्या वर्षीपासून मीही कोयते वाटीन."

अवर डे म्हणजे सत्राचा शेवटचा दिवस. पोरं ठेवणीतले कपडे घालून, डब्यात टोमॅटोतला लाल जोलोफ भात आणि तळलेली कोंबडी घेऊन येतात. खाणं, नाचणं, धिंगाणा. त्या दिवशी सेफाकोरची आईही आली आणि मागे मैदानाकडच्या भिंतीला टेकून उभी राहिली. हेडमास्तरांनी हातरुमालाने टक्कल पुसत, इकडून तिकडे येरझारा घालत लांबलचक भाषण केलं. मग सेफाकोरला पुढे बोलावलं.

"सरळ उभी राहा. हलायचं नाही. सात आठे किती?"

पोरगी खांबासारखी ताठ झाली. ओठ हलले, आवाज नाही. मागे कोणीतरी फिसकन हसलं. तिच्या आईने खांद्यावरच्या कापडाचं टोक दातांत धरलं.

एसिनाम उठली. "सर, तुम्हाला एका जागी उभं राहून भाषण करताना मी अजून पाहिलं नाही," असं म्हणत तिने पायातल्या वहाणा काढल्या, सेफाकोरच्या समोर जाऊन उभी राहिली आणि टाळी वाजवली. आणि त्या कुरकुरत्या गुडघ्यांनी उडी मारली.

सेफाकोरचे पाय आपोआप उचलले गेले. वाळूत धप्प आवाज झाला.

"छप्पन्न," ती म्हणाली.

"नऊ सक?" हेडमास्तर.

"चोपन्न."

"बारा आठे?"

"शहाण्णव."

अख्खी शाळा तालावर टाळ्या वाजवायला लागली. प्रश्न विचारता विचारता हेडमास्तरांना धाप लागली, एसिनामला तर लागलीच होती, पण पोरगी अडखळली नाही. शेवटी त्यांनी रुमाल खिशात कोंबला.

"चौथीत घाला हिला," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "पण डेला मॅडम, तुमच्या त्या वर्गात ही बसेल का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एसिनाम खाली वाळूत बसून गुडघे चोळत होती, तीही बघत होती.

"बसणार नाही, सर," मी म्हटलं. "उभी राहील. आणि उड्याही मारेल."