राक्षसाबद्दल लोक काय लिहून राहिले

हळद शिजल्याचा वास आला की बाबांनी विचारलेला एक प्रश्न आठवतो. माझ्याआधी आमच्या घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. एसटीची पाटीसुद्धा आम्ही लोकांना विचारायचो. हिंगोलीला कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी होस्टेलवर फाशांचा एक खेळ खेळायचो, त्यात राजे आणि राक्षस लढायचे. त्याच खेळावर आम्ही सुट्टीत माझ्या गावी मोबाइलवर फिल्म काढली. बाबा पोत्याचा झगा घालून राक्षस झाले, आणि ते ज्या शेतात हळद शिजवायला जायचे तिथल्या कढईची वाफ म्हणजे आमचं जादूचं धुकं. फिल्म नेटवर टाकली आणि त्या खेळाचे चाहते आमच्यावर नुसते तुटून पडले. दुसऱ्या दिवशी कढईपाशी बाबांनी विचारलं, "वाच की, राक्षसाबद्दल काय लिहून राहिले लोकं?" लिहिलं होतं, 'हा राक्षस की बुजगावणं? आमच्या खेळाची माती केली.' मी वाचलं, "राक्षस लई भारी." त्याखाली शिवी होती. मी वाचलं, "असा नट पाहिला न्हाई." बाबा हसले नाहीत. "येवढं चांगलं लिहिलं, तर तुझा आवाज काहून थरथरून राहिला, माय?" मी मोबाइल खाली ठेवला. "जे हाय ते वाच. मला दुसरं कोण वाचून दाखवणार?" मग मी रडत रडत सगळं वाचलं, शिव्यांसकट. बुजगावण्याच्या ओळीपाशी ते म्हणाले, "हे मात्र बराबर हाय," आणि वाफेकडे तोंड फिरवलं. पुढे मी घरातली पहिली पदवीधर झाले, आणि आता दवाखान्यातून आलेल्या बाबांच्या कागदावर जे असतं, तेच त्यांना वाचून दाखवते.