शेवटची पोच

बाजारात त्याला सगळे कानसेन म्हणत. शिलाई मशीन समोर आलं की चाक एकदा फिरवायचा, कान लावायचा आणि कुठे बिघडलंय ते सांगायचा. बायको म्हणायची, जगाचं ऐकू येतं यांना, माझं तेवढं येत नाही. तिचंही काही चुकत नव्हतं म्हणा! दुकान बंद केलं की स्वारी थेट गच्चीवर.

गच्चीवर त्याने स्वतः जोडलेला लांबलचक अँटेना होता आणि जिन्याच्या खोलीत बिनतारी संच. हौशी माणसांचा हा उद्योग: छोट्या-लांब ठोक्यांचा संदेश चंद्राकडे सोडायचा, तो तिथे आपटून परतला की पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी ऐकायचा. येतो तो इतका क्षीण की तांदळातला पांढरा खडा शोधावा तसा खरखरीतून शोधावा लागतो. नियमही कडक. दोघांनी एकमेकांची खूण ऐकायची, कशी ऐकू आली ते कळवायचं आणि शेवटी ‘पोचलं’ म्हणून पोच द्यायची. सगळं एकाच बैठकीत. मध्येच फोन करून विचारलंत की संपलं.

समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्याशी त्याला असा संपर्क करायचा होता. म्हातारा पूर्वी दीपगृह सांभाळायचा. कानसेन विशीत असताना म्हाताऱ्यानेच रेडिओवरून त्याला ही विद्या शिकवली आणि एक गोष्ट बजावली: ओळखीच्या माणसाची वाट बघणारा कान खोटं बोलतो, तेव्हा ऐकलं नाहीस ते ऐकलं म्हणू नकोस. पुढे वर्षानुवर्षं दोघे चंद्रावरून हाका मारत राहिले. कधी वाऱ्याने अँटेना वाकवला, कधी ऐन वेळी संच रुसला; पुरा संपर्क असा एकदाही झाला नाही. आता म्हातारा अंथरुणाला खिळला होता, उजवा हातही लुळा पडत चालला होता. मुलीने कळवलं, बाबांचं काही खरं नाही. एवढी एकच इच्छा उरलीय.

ठरलेल्या दुपारी फिकट चंद्र शेजारच्या पाण्याच्या टाकीवर टेकला होता. कानसेनाने डोळे मिटले. खरखरीतून म्हाताऱ्याची खूण आली. मग ‘तू ऐकू येतोस’ हेही आलं. याने उत्तर धाडलं. आता फक्त पोच. म्हणजे एक छोटा, एक लांब, एक छोटा ठोका. आल्यासारखं वाटलं, पण नक्की आलं का? तेवढ्यात चंद्र टाकीमागे गेला.

थोड्या वेळाने मुलीचा फोन आला. बाबा विचारताहेत, पोच मिळाली का?

बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “अहो, हो म्हणा. जाणाऱ्या माणसाला हो म्हणायला काय जातं आपलं?”

हो अगदी ओठांवर आलं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “बाकी सगळं ऐकलं. पोच नाही आली.”

पलीकडे मुलीने फोन बाबांच्या कानाशी नेला. मग खुद्द म्हातारा बोलला.

“पाठवलीच नाही मी. हात उठला नाही. तू हो म्हणाला असतास ना, तर बाकीचंही खोटं वाटलं असतं मला.” थांबून म्हणाला, “उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी कानसेनाने दुकान उघडलंच नाही. चंद्र वर आल्यापासून पुन्हा पहिल्यापासून हाका देत राहिला. उत्तर नाही. खूण नाही, काही नाही. चंद्र टाकीकडे कलला तेव्हा खरखरीत काहीतरी हललं. एक छोटा. मग लांब, नको तितका लांब, जणू कुणी बटणावर हात टाकून विसरलंय. मोठा खंड. आणि मग एक छोटा.

मनाने रचलं असतं तर सरळ रचलं असतं. हे वाकडं होतं, म्हणजे खरं होतं.

त्याने इअरफोन काढले आणि तोंडावर हात धरून लहान मुलासारखा रडला. बायको धावत वर आली. झालं का एकदाचं, तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “नुसती पोच धरत नाहीत.”

तिला काही कळेना. मग रडता कशाला?

“अगं, त्याचा हात उठला.”